सार्वकालिक जीवन आणि नवापूरचा आजचा दिवस

'पुनरुत्थान' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. परंतु आपण तो राष्ट्राच्या, भाषेच्या, फार तर एखाद्या डबघाईस आलेल्या संस्थेच्या संदर्भात वापरतो. मेलेला माणूस उठेल, हा त्या शब्दाचा अक्षरार्थ ख्रिस्ती मराठीपुरताच उरला आहे. सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर बाहेर पडले, तेव्हापासून आमच्या भाषेत या कल्पनेसाठी शब्द शोधण्याचे काम चालू झाले. 'पुनर्जन्म' हा शब्द हाताशी होता, पण तो चालण्यासारखा नव्हता. पुनर्जन्मात देह टाकायचा असतो आणि जीव दुसरीकडे जायचा असतो. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र हाच माणूस, याच नावाने, देहासह उठायचा असतो. दोन शब्दांमधले हे अंतर कोशात एका ओळीचे असले तरी माणसांच्या रोजच्या जगण्यात ते बरेच मोठे होते. ते कसे होते, हे पाहण्यासाठी आम्ही नवापूरची निवड करीत आहोत.

नवापूर हा नंदुरबार जिल्ह्याचा गुजरातला टेकलेला तालुका. रंगावली नदीकाठच्या या गावाच्या रेल्वे स्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते, आणि वृत्तपत्रांना नवापूर आठवते ते बहुधा याच नवलापुरते. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी; २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते. नवापूर तालुक्यात मावची अथवा गावीत, भिल्ल, कोकणी ही मुख्य वस्ती. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने मावचींची नोंद घेतली आणि ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०७ सालच्या खंडात मावची बोली भिल्ली भाषांच्या गटात नोंदली गेली. या वस्तीत आज ख्रिस्ती मंडळ्या ठळकपणे दिसतात. शहरी वाचकाच्या मनातले ख्रिस्ती महाराष्ट्राचे चित्र वसई, अहमदनगर, केडगाव येथेच थांबते, त्यात नवापूर क्वचितच असते.

ही श्रद्धा येथे पोहोचली तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १८९९-१९०० चा, लोकांच्या तोंडी 'छप्पन्या' म्हणून राहिलेला दुष्काळ खानदेश आणि गुजरात या दोन्ही प्रांतांना पोळून गेला होता. त्याच सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वे सुरतेहून पूर्वेकडे आली आणि रानातला माल, त्यापाठोपाठ रानातली माणसे, बाजाराच्या कक्षेत ओढली गेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरवले होते. तीच दारू आता मक्तेदाराच्या गुत्त्यावर पैसे मोजून, पैसे नसल्यास उधारीवर, घ्यावी लागे. उधारीपायी जमीन जाई. अशा वेळी, विसाव्या शतकाच्या आरंभी, पश्चिम खानदेशात स्वीडिश अलायन्स मिशनचे लोक आले. स्वीडिश-अमेरिकन प्रचारक फ्रेडरिक फ्रान्सन (१८५२-१९०८) यांच्या प्रेरणेने ज्या मिशनरी मंडळ्या जगभर निघाल्या, त्यांच्या परिवारातले हे मिशन. ख्रिस्त लवकरच परत येणार, ही त्या परिवाराची धगधगीत खात्री होती. शेवट जवळ आला आहे असे मानणारी ही माणसे आली ती अशा लोकांत, ज्यांच्या उंबऱ्यावर नुकताच एक शेवट येऊन गेला होता.

परंतु या नव्या श्रद्धेचा येथे जो संवाद झाला तो पुनर्जन्माशी फारसा झाला नाही, आणि हे अभ्यासकांच्याही नजरेतून निसटते. आदिवासींच्या जगात मृतांचे स्थान वेगळे होते. मेलेले दूर जात नाहीत. ते शेताच्या बांधावर, घराच्या आढ्याशी, कुळाच्या आठवणीत वावरतात. नवे धान्य तोंडात घालण्याआधी देवांचा आणि पूर्वजांचा वाटा काढायचा असतो. पूर्वज संतुष्ट असले तर राखण करतात. उपेक्षा झाली तर आजारपण येते, गुरे मरतात. मग भगताला बोलवायचे, त्याने कारण सांगायचे, कोंबडा-बकरा द्यायचा. कधी भगताचे बोट एखाद्या जिवंत बाईकडे वळते आणि ती 'डाकीण' ठरते. या व्यवस्थेत जिव्हाळा होता, तसेच भयही होते. केवळ अंधश्रद्धा म्हणून तिची बोळवण करणे आम्हांस उथळपणाचे वाटते. मृतांना घरातले सभासद मानणारा समाज त्यांना विसरत नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

पुनरुत्थानाच्या शिकवणीने नेमका येथेच हात घातला. तिचे म्हणणे असे की मृत व्यक्ती निजली आहे. ती देवाच्या स्वाधीन आहे. ती कोणाला छळत नाही आणि तिला काही द्यावेही लागत नाही. ख्रिस्ती मराठीत 'मेला' असे न म्हणता 'प्रभूमध्ये निजला' असे म्हणण्याची रीत आहे. इंग्रजीतून आलेल्या 'सिमेटरी' या शब्दाचे ग्रीक मूळही 'निजण्याची जागा' असेच आहे. निजलेल्या माणसाची भीती वाटत नाही. या एका क्रियापदाच्या बदलाने घरातल्या आजारपणाचा अर्थ बदलला. ताप आला तर रागावलेला पूर्वज शोधायचा नाही, शेजारच्या म्हातारीवर संशय घ्यायचा नाही. प्रार्थना करायची आणि औषध घ्यायचे. नवापूर तालुक्यातच चिंचपाडा येथे मिशनचे रुग्णालय उभे राहिले आणि पुढे ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या साखळीत आले. प्रार्थना आणि औषध यांची ही जोडी आज आपल्याला विशेष वाटत नाही. परंतु डाकीण ठरवून बाईला छळण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला, हे आठवले म्हणजे त्या जोडीचे मोल कळते. भय संपूर्ण गेले असे मात्र कोणी समजू नये. भूतबाधेसाठी आता भगताऐवजी पाळकाकडे जाणारेही असतातच, आणि केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून औषध टाळणारेही ख्रिस्ती मंडळ्यांत आढळतात.

दुसरा बदल दारूचा. मिशनच्या शिकवणीत बाप्तिस्मा आणि दारूबंदी यांची सांगड होती. देह एक दिवस उठणार असेल, तर तो गुत्त्यात झिजवण्यासारखी वस्तू राहत नाही, असा त्यामागचा तर्क. येथे आम्हांस एक सावधगिरी आवश्यक वाटते. दारू सोडण्याची लाट या पट्ट्यात ख्रिस्ती मंडळींनीच आणली असे नव्हे. १९२२ साली नवापूरला लागून असलेल्या सोनगड-व्यारा भागात 'देवी'चे आंदोलन पसरले. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीने दारू-मांस सोडा, रोज आंघोळ करा, असे सांगितले आणि हजारो आदिवासींनी ते ऐकले. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली त्यावर ग्रंथच लिहिला. पुढे १९३० च्या दशकात तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी 'आप' धर्माच्या आरत्यांतून जवळपास हीच शिस्त शिकवली. म्हणजे येशू, देवी आणि गुला महाराज या तिघांच्याही नावाने त्या पिढीने एकच निश्चय केला: गुत्तेवाल्याच्या आणि सावकाराच्या तावडीतून स्वतःचा देह सोडवायचा.

मग पुनरुत्थानाच्या श्रद्धेचे वेगळेपण कशात? आमच्या मते ते काळाच्या कल्पनेत आहे. देवीची लाट काही महिन्यांत आली तशी बऱ्याच ठिकाणी ओसरली. मंडळीने मात्र दर सात दिवसांनी परत येणारा एक दिवस दिला. ख्रिस्ती लोक रविवार पाळतात तो तो पुनरुत्थानाचा वार म्हणून. म्हणजे ईस्टर वर्षातून एकदा येत असला, तरी त्याची छोटी आवृत्ती दर आठवड्याला येते. हा दिवस पाळायचा तर गाणी पाठ हवीत, शास्त्र वाचता यायला हवे, म्हणून अक्षरओळख हवी. शाश्वत जीवनाची वार्ता वाचण्यासाठी शिकलेली अक्षरे सावकाराची वही वाचायलाही उपयोगी पडतात, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही.

पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. ख्रिस्ती दफनविधीत त्याचा पंधरावा अध्याय वाचला जातो. मेलेले उठणार नसतील तर खावे, प्यावे आणि मोकळे व्हावे, असा प्रतिपक्ष पौल त्यात स्वतःच मांडतो. अखेरच्या कर्ण्याचे, मृत्यूवरील जयाचे वर्णन करतो. आणि अध्याय संपवतो तो, तुमचे श्रम वाया जाणार नाहीत, या साध्या आश्वासनावर. लगेच पुढच्या अध्यायाचा आरंभ कशाने होतो? गरिबांसाठी दर आठवड्याला बाजूला काढून ठेवायच्या वर्गणीने! स्वर्गाच्या कर्ण्यावरून थेट वर्गणीच्या हिशोबावर येणारा हा लेखक थेस्सलनीकाकरांना आणखी परखडपणे बजावतो की, शेवट जवळ आला म्हणून कामधंदा सोडून बसणाऱ्याने जेवणाचीही अपेक्षा करू नये. नवापूरच्या शेतकऱ्याला हे आश्वासन दूरचे वाटण्याचे कारण नाही. भाताचे रोप चिखलात लावणाऱ्याला दाणा पुरल्याशिवाय उगवत नाही हे सांगावे लागत नाही, आणि पौलाने दृष्टान्त घेतला आहे तो नेमका दाण्याचाच.

या श्रद्धेची किंमतही मोजली गेली. पूर्वजांचा वाटा काढणे थांबले, तेव्हा एकाच कुळातल्या दोन भावांचे सण वेगळे झाले. याहा मोगीच्या देवमोगऱ्याच्या यात्रेला एक जातो, दुसरा जात नाही. आमच्या मते हा तोटा खरा आहे. मिशनऱ्यांनी तो पुरेसा ओळखला नाही. दुसरा आक्षेप जुना आणि वजनदार आहे: स्वर्गाची आशा पृथ्वीवरचा लढा बोथट करते. शेजारच्या शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि १९७२ साली स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी जमीन व मजुरीसाठी जो लढा दिला, तो पुनरुत्थानाच्या शिकवणीतून आलेला नव्हता. आणि तेथील आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली ती याच जन्मासाठी. धार्मिक शिस्तीने माणूस गुत्त्यातून बाहेर काढला, पण बळकावलेली जमीन परत मिळवायला संघटनाच लागली, हे मान्य केले पाहिजे. मात्र उलट बाजूही पाहावी. ज्याच्या देहाला कोणी किंमत दिली नाही, त्याला तुझा हाच देह देवाला हवा आहे असे सांगणे, ही काही केवळ गुंगी नव्हे. 'आत्मा अमर आहे' असे सांगून देहाची उपेक्षा करणाऱ्या तत्त्वज्ञानापेक्षा ते देहाच्या, म्हणून भुकेच्या आणि आजाराच्याही, अधिक जवळ जाते.

देहाचा हा प्रश्न आज जमिनीचा प्रश्न झाला आहे. देहासह उठण्यावर विश्वास असणारा समाज आपले मृत बहुधा मातीत ठेवतो. त्यासाठी साडेतीन हात जागा लागते, आणि ती गावाने द्यावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधील एका आदिवासी-बहुल गावात एका ख्रिस्ती पाळकाच्या दफनाला गावाने विरोध केला. मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत एकमत झाले नाही. एकीने कुटुंबाच्या शेतात दफनाची मुभा द्यावी असे म्हटले, दुसऱ्यांनी नेमलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच, असे. अखेर वीसेक किलोमीटर दूरच्या दफनभूमीत तो देह ठेवण्याचे ठरले. नवापूरलगतच्या डांगमध्ये १९९८ च्या नाताळात प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले होते; आणि २०२५ मध्ये नवापूर परिसरातील चर्चच्या बांधकामांच्या वैधतेचा प्रश्न महाराष्ट्राच्या विधानसभेत निघाला. बांधकामाचे नियम सर्वांना सारखे असावेत, याबद्दल वाद नाही. परंतु धर्म बदललेला आदिवासी गावाचा उरतो की नाही, हा जो प्रश्न या साऱ्यामागे उभा आहे, तो नियमांच्या पुस्तकातून सुटणारा नाही. पूर्वजांना घरचे मानणाऱ्या समाजाने आपल्याच भावाच्या मृतदेहाला परका मानावे, यात त्या जुन्या श्रद्धेचाही पराभव आहे.

ईस्टर मार्च अखेरीपासून एप्रिल अखेरीपर्यंत केव्हातरी येतो. खानदेशातली कितीतरी आदिवासी कुटुंबे तेव्हा दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांवर कोयता चालवीत असतात किंवा नुकती परतलेली असतात. गावी राहिलेले पहाटे मोह वेचतात. ईस्टरची उपासनाही अनेक मंडळ्यांत पहाटेचीच असते. या जिल्ह्यात कुपोषण आहे, सिकलसेलसारखा रक्ताचा पिढीजात आजार आहे, आणि मुलांची थडगी अनोळखी नाहीत. अशा ठिकाणी शाश्वत जीवनाबद्दल बोलणे सोपे नसते. मराठी पवित्र शास्त्राने त्यासाठी 'सार्वकालिक' असा शब्द वापरला आहे. सर्व काळांचे, ते सार्वकालिक; म्हणजे त्यात उद्याइतकाच आजचा दिवसही आला. योहानाच्या शुभवर्तमानात हे जीवन मरणानंतर सुरू होत नाही, विश्वास ठेवणाऱ्याला ते आताच लाभलेले असते. नवापूरच्या शंभरेक वर्षांत या श्रद्धेचा जो भाग टिकला तो हाच: गुत्त्याकडे न वळलेली पावले, भगताच्या बोटापासून वाचलेली एखादी बाई, वाचता येऊ लागलेले अक्षर, निजलेल्या माणसाच्या उशाशी उभा केलेला क्रूस. मेलेले उठतील की नाही, याचा निवाडा इतिहासाच्या अभ्यासकाने करायचा नसतो. ते उठतील असे मानून माणसे कशी जगली, हे मात्र तो नोंदवू शकतो. आणि नवापूरची ती नोंद मराठी इतिहासलेखनात अजून यायची आहे.