धारवाडी कापूस आणि सरकारी शेतीशास्त्र

हुबळीच्या वेशीवरील तारिहाळ आज औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. परंतु कारखान्यांच्या कुंपणापलीकडे पसरलेल्या या मुलखाची खरी ख्याती कापसाची. शेतीतील शास्त्राला सरकारने साहाय्य करावे काय, आणि केल्यास कोणासाठी, या प्रश्नाची कसोटीही येथील काळ्या जमिनीत दीडशेहून अधिक वर्षे लागत आली आहे.

आरंभ झाला तो परक्या गरजेतून. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. कुमठा बंदरातून जाणारा, म्हणूनच ‘कुमठा’ म्हणून ओळखला जाणारा येथील देशी कापूस त्यांच्या यंत्रांना आखूड पडे. म्हणून १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापसाचे जाणकार मळेवाले आणविले. त्यांपैकी मर्सर हे १८४२ च्या सुमारास धारवाडकडे आले आणि हुबळीजवळ कुसुगल येथे सरकारी प्रयोगक्षेत्र उभे राहिले. पुढे जे घडले ते सरकारी दप्तरात विरळाच आढळावे. अवघ्या काही वर्षांत मर्सर यांनी सरकारला कळविले की, ही प्रयोगक्षेत्रे म्हणजे व्यर्थ खर्च होय. येथील हवा आणि माती येथील रयतच अधिक जाणते, आणि कोणत्याही युरोपियनापेक्षा ती शेती चांगली व काटकसरीने करते. तेव्हा ही क्षेत्रे बंद करावीत. पगारी तज्ज्ञाने स्वतःच्याच कामाविरुद्ध दिलेली ही साक्ष होती.

आणि तरीही अमेरिकन कापूस येथे रुजला. कलेक्टर शॉ यांनी रयतेच्याच हातून न्यू ऑर्लिन्सचे बी पेरविले. जुन्या चरकीने या कापसाची सरकी नीट निघेना, तेव्हा दातेरी चकत्यांचे रेचे तयार करण्याचा व दुरुस्तीचा कारखाना धारवाडात सरकारने चालविला, डॉ. फोर्ब्स यांनी त्याची व्यवस्था पाहिली. शेतकऱ्याला उपदेशापेक्षा या रेच्याचा उपयोग अधिक झाला, असे म्हणावयास हरकत नाही. ‘धारवाड-अमेरिकन’ हे नाव बाजारात रूढ झाले ते त्यामुळेच.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) भाव कडाडले आणि भेसळही वाढली. ती रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. परंतु गासडीतील लबाडी पकडता आली तरी रेच्यावर एकत्र झालेली निरनिराळ्या जातींची सरकी पुन्हा शेतात जाई, आणि वाणाचा कस उतरे. त्यावर उपाय कचेरीत नव्हे, शेतातच व्हावयाचा होता.

तो पुढे विसाव्या शतकात झाला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील जी. एल. कोट्टूर यांनी धारवाड येथे कुमठा कापसातून निवड करून ‘धारवाड १’ आणि पुढे संकरातून ‘जयवंत’ हे वाण दिले. उभे झाड सुकवून टाकणाऱ्या मर रोगाला ‘जयवंत’ पुरून उरे. १९२१ मध्ये स्थापन झालेली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी कापसावरील उपकरातून अशा संशोधनाला पैसा पुरवू लागली. म्हणजे कापसाचाच पैसा कापसाच्या शास्त्राकडे वळला.

१९४७ मध्ये धारवाडला शेतकी महाविद्यालय निघाले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण संशोधन खंडित झाले नाही. १९७२ मध्ये डॉ. बी. एच. कटार्की यांनी ‘लक्ष्मी’ आणि बार्बाडेन्स जातीचा ‘एसबी २८९ ई’ यांच्या संकरातून ‘वरलक्ष्मी’ हे वाण दिले. दोन भिन्न जातींचा हा संकर व्यापारी लागवडीत आणण्यात त्यांनी यश मिळविले. संध्याकाळी कळीतील पुंकेसर हाताने खुडावयाचे आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग त्यावर लावावयाचे, असे हे काम; एकेका बोंडामागे माणसाचे बोट लागे. परदेशातून आणावा लागणारा अतिलांब धागा येथे पिकू लागला. १९८१ मध्ये ‘डीसीएच ३२’ हा आणखी एक संकर आला, आणि १ ऑक्टोबर १९८६ रोजी धारवाडला स्वतंत्र कृषिविद्यापीठ झाले.

या यशाला एक किंमतही होती. संकरित बी पुढील वर्षी पेरून चालत नाही. घरच्या कणगीतील सरकी निरुपयोगी ठरली आणि शेतकरी दरवर्षी बियाणे विकत घेऊ लागला. शिवाय ‘वरलक्ष्मी’ला दीर्घ हंगाम व भरपूर फवारणी लागे, त्यामुळे कोरडवाहू लहान शेतकऱ्याला ती पेलणे कठीणच. सरकारी शास्त्रज्ञाने ही वाट मोकळी केली, तिच्यावरून पुढे खाजगी कंपन्या चालत आल्या. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि काही वर्षांतच बाजारातील बियाण्याच्या बहुसंख्य पिशव्यांवर विद्यापीठाचे नव्हे, तर कंपन्यांचे नाव झळकू लागले.