पाने वाचली, आता डाव वाचवू या

गौरींच्या रात्री जागायचे, ही आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतली जुनी रीत. झिम्मा-फुगडी खेळून बायका दमल्या, मुलांच्या डोळ्यांवर झोप आली, की कुणीतरी सतरंजीवर पत्त्यांचा जोड टाकतो आणि मेंढीकोट, तीन-दोन-पाच, बदाम सात असे डाव पहाटेपर्यंत चालतात. मागच्या वर्षी असेच बसलो असताना घरातल्या एका शाळकरी मुलाचे लक्ष शोकेसकडे गेले. तिथे सावंतवाडीहून कधीतरी आणलेला गंजिफांचा रंगीत डबा ठेवला होता. "ही गोल पाने खेळायची असतात की नुसती ठेवायची?" असे त्याने विचारले. जमलेल्या बारा-पंधरा माणसांत उत्तर देणारा एकही निघाला नाही. डबा वर्षानुवर्षे पुसला जात होता, पाहुण्यांना दाखवला जात होता. खेळ कुणालाच येत नव्हता.

त्या प्रश्नाने आम्हाला शोध घ्यायला लावले. जुना खेळ जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे? ही अडचण एकट्या गंजिफांची नाही. आमच्यातल्या पन्नाशीच्या मंडळींना व्हिडिओ गेम पार्लर आठवत असेल. माणसाच्या उंचीचे लाकडी कपाट, आत पिक्चर ट्यूब, पुढे दांडी आणि बटणे. नाणे किंवा टोकन टाकले की खेळ सुरू. जपानात 1978 साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि 1980 साली 'पॅक-मॅन' आले आणि अशी कपाटे जगभर पसरली. पुढे घरोघरी संगणक आले, मग मोबाइल आले आणि ती कपाटे भंगारात गेली. आज हौशी लोक ती शोधून आणतात, सडलेल्या फळ्या बदलतात, बाजूची चित्रे पुन्हा रंगवतात, सर्किटचे सुटे भाग बदलून पुन्हा डाख देतात. सगळ्यांत कठीण जाते ती पिक्चर ट्यूब, कारण तसल्या ट्यूबा आता बनत नाहीत. एवढी खटपट कशासाठी? कपाट कितीही सुंदर रंगवले तरी आतला खेळ चालला नाही, तर ते कपाटच राहते. अमेरिकेत रॉचेस्टर येथे खेळांचे मोठे संग्रहालय आहे. तिथे अशी जुनी यंत्रे नुसती मांडलेली नाहीत, लोकांना ती खेळायलाही मिळतात.

हेच माप गंजिफांना लावून पाहू.

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. त्यानंतर अबुल फजलने आईन-इ-अकबरीत अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, म्हणजे 144 पानांच्या जोडाचे वर्णन केले. पुढे रूढ झालेला मोगली जोड आठ रंगांचा, 96 पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे ते आठ रंग. त्यांत मुकुट आहे, तलवार आहे, सोन्याचे आणि चांदीचे नाणे आहे, वाद्य आहे, दस्तऐवज आहे. एका राज्याचा सगळा कारभारच त्या पानांवर मांडलेला दिसतो.

हा खेळ दरबारातून गावोगावी गेला, तेव्हा आपल्या लोकांनी त्याला आपले रूप दिले. दशावतारी गंजिफा झाल्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण 120. बारांपैकी एक राजा, एक प्रधान आणि उरलेली एक ते दहा आकड्यांची. राजाच्या पानावर स्वतः अवतार. आकड्यांच्या पानांवर त्याची खूण तेवढ्या वेळा काढलेली. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. अक्षर न येणाऱ्यालाही पान ओळखता यावे, अशी ही सोय. ओडिशात, बंगालमध्ये विष्णुपूरला, म्हैसूरला अशा गंजिफांची आपापली घराणी झाली. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी तर स्वतःच नवनवे जोड रचले.

मराठी मुलखात हे काम सावंतवाडीला बहरले. तिथल्या चितारी मंडळींच्या हाती लाखकाम आणि लाकडी खेळण्यांची कला होतीच. जुनी गंजिफा करायला वेळ लागे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल चकत्या कापायच्या, मग बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि पाठीला लाखेचा लेप द्यायचा. एका जोडासाठी हे 120 वेळा करायचे. सगळ्या पानांच्या पाठी सारख्या हव्यात. नाहीतर सराईत खेळाडू पाठीवरच्या डागावरून पान ओळखणार! शेवटी जोड ठेवायला सरकत्या झाकणाचा लाकडी डबा, तोही चारही बाजूंनी रंगवलेला.

ही मेहनत छापखान्यापुढे टिकली नाही. परदेशातून बावन्न पानांचे छापील पत्ते आले. ते स्वस्त, हातात मावणारे, पिसायला सोपे, खराब झाले तर नवे घ्यावेत असे. हातांनी रंगवलेल्या जोडाचे गिऱ्हाईक घटत गेले, तसे चितारी खेळण्यांकडे आणि इतर लाखकामाकडे वळले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा रंगवू शकणारे पुंडलिक चितारी हे एकटे वृद्ध कलावंत उरले होते.

इथे या गोष्टीत आपले बडोदे येते. सावंतवाडीच्या राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले या बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या लेक. लक्ष्मी विलास राजवाड्यात राजा रविवर्म्याची चित्रे भिंतीवर आहेत. अशा शहराची ही लेक कोकणात सासरी गेली आणि तिथल्या मरणपंथाला लागलेल्या कलेकडे तिचे लक्ष गेले. पती शिवरामराजे भोसले यांच्यासह त्यांनी ते काम मनावर घेतले. नुसते उत्तेजन देऊन त्या थांबल्या नाहीत. त्या वृद्ध चिताऱ्यांकडून दोघांनीही कुंचला धरून ही कला शिकून घेतली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसू लागले, नव्या मुलामुलींना शिकवणे सुरू झाले आणि 1971 साली 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था उभी राहिली. आज सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलात, तर खाली मान घालून पाने रंगवणारे कलावंत दिसतात. ते दिसतात ते त्या काळात लावलेल्या रोपामुळे.

एखादी कला एकाच माणसाच्या हातात उरली असताना ती दहा हातांत जाणे, ही केवढी गोष्ट! पुंडलिक चिताऱ्यांबरोबर ती गेली असती, तर संग्रहालयातल्या जुन्या पानांकडे बघून लेपाचे प्रमाण आणि घोटण्याची तऱ्हा कुणाला सांगता आली असती? लेकीने सासरचे नाव राखले, असे आपण म्हणतो. या लेकीने सासरच्या गावाचे कसब राखले. बडोद्याच्या मराठी माणसाला याचा अभिमान वाटायला हवा, आणि खरे सांगायचे तर ही हकिकत आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊकही नव्हती.

परंतु त्या मुलाचा प्रश्न अजून बाकीच आहे. पाने वाचली, डावाचे काय? गंजिफा विकत घेणारे पुष्कळ जण त्या चौकटीत बसवतात किंवा आमच्यासारखे शोकेसमध्ये ठेवतात. कारागिरांच्या घरी चूल पेटते, हे चांगलेच. मात्र खेळणारे नसले, तर हळूहळू पान करणाऱ्यालाही पान कसे असावे हे कळेनासे होईल. पाठी सारख्या का हव्यात, खुणा लांबून ओळखू का याव्यात, पान हाताळताना रंग का निघू नये, ही सगळी बंधने खेळातून आलेली आहेत. खेळ गेला की पान नुसते चित्र होते.

या बाबतीत आपल्या शहराकडे एक धडा आहे. हुतूतू, कबड्डी, चेडुगुडू असा गावागणिक निराळ्या नावाने आणि निराळ्या नियमांनी खेळला जाणारा खेळ. 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले आणि त्या नियमांनी इथे स्पर्धा भरवली. पुढे हाच खेळ 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगाला दाखवला आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत त्याला पदकाचे स्थान मिळाले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' याच बडोद्यात सिद्ध झाला. खेळ लिहून ठेवायचा आणि चार लोकांना मैदानात उतरवायचे, या दोन्ही गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांनी केल्या. हुतूतूला ना कपाट लागते ना रंगीत डबा. त्याचे जे काही होते ते नियमांत आणि खेळणाऱ्यांत होते, आणि तेच त्यांनी सांभाळले.

म्हणून आम्ही शोकेस उघडली. आम्हाला जमले तेवढे इथे लिहून ठेवतो. घरोघरी थोडा फरक असेल, त्याची भर वाचकांनी घालावी.

दशावतारी डाव तिघांनी खेळावा, प्रत्येकी 40 पाने. गोल पाने बावन्न पत्त्यांसारखी हातात पिसता येत नाहीत. मधे एक कापड पसरून त्यावर सगळी पालथी कालवायची आणि वाटायची. राजा सर्वांत वरचा, त्याखाली प्रधान, हे सगळ्या रंगांत सारखे. त्याखाली मात्र गंमत आहे. पाच रंगांत दहा सर्वांत भारी आणि एक सर्वांत हलके. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे, एक भारी आणि दहा हलके. दिवसा डाव मांडला, तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी. दिवेलागणीनंतर मांडला, तर कृष्णाच्या राजाची. सूर्यवंशी राम दिवसाचा आणि मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा, असा हिशेब. डाव उजव्या हाताने, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतो. एखाद्या रंगात खाली न पडलेल्यांपैकी जे सर्वांत वरचे पान, ते त्या रंगाचा हुकूम. राजा पडून गेला की प्रधान हुकूम होतो, तोही गेला की त्याखालचे. म्हणजे दहा रंगांत कोणकोणती पाने गेली, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवायचे. ज्याचे हात जास्त, तो जिंकला.

पहिल्या संध्याकाळी आमची पुरती फजिती झाली. दोनदा पाने चुकीची वाटली गेली, उलट्या रंगांवरून भांडणे झाली, आणि एकाने वामनाचा हुकूम हातात असूनही तो ओळखला नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या रंगांची नावे एका कागदावर लिहून मधे ठेवली. चौथ्या-पाचव्या डावाला तो कागद लागेनासा झाला. सगळ्यांत लवकर शिकला तो प्रश्न विचारणारा मुलगा. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी शेजारी बसून बघता बघता एकदम सांगितले, "अरे, कल्कीचा प्रधान अजून पडलेला नाही, जपून." त्यांनी यापूर्वी गंजिफा कधी हातात धरल्या नव्हत्या. आयुष्यभर मेंढीकोट खेळून पाने ध्यानात ठेवायची सवय मात्र मुरलेली होती. बावन्न पत्त्यांनी गंजिफांची जागा घेतली खरी, पण डोके तेच राहिले, हे त्या क्षणी आम्हाला कळले.

एका गोष्टीची भीती होती. हाताळून पाने खराब होणार. झालीच थोडी. दोन पानांच्या कडा उडाल्या आहेत. त्यावर आम्ही असे ठरवले आहे की घरातला जुना, आजोबांच्या वेळचा जोड असेल तर तो खेळायला काढू नये. तो मऊ सुती कापडात गुंडाळून, ओल आणि ऊन या दोन्हींपासून दूर ठेवावा, आणि तेलकट हातांनी तर शिवूच नये. खेळायला नवा जोड घ्यावा. तो झिजला की पुन्हा नवा घ्यावा. झिजलेला जोड म्हणजे सावंतवाडीच्या एखाद्या कलावंताला पुढचे काम. खेळ आणि कारागीर दोघेही असेच जगतील.

यंदा गौरींच्या रात्री ज्यांच्या घरी असा डबा असेल, त्यांनी तो एकदा शोकेसमधून खाली काढावा. तिघे लागतात, एक सुती कापड लागते आणि थोडा धीर लागतो. रात्र झालेली असेल, तेव्हा कृष्णाचा राजा कुणाकडे आहे, तेवढे विचारावे आणि डाव सुरू करावा.