खाणावळ : गिरणगाव ते वसई-विरार

ठरावीक मोबदला घेऊन नेहमीच्या गिऱ्हाइकांना घरगुती धाटणीचे जेवण पुरविणारी लहान संस्था. ‘खानावळ’ असेही रूप रूढ आहे. मराठीत ‘-आवळ’ हा प्रत्यय मूळ मजुरीचा वा आकाराचा वाचक आहे. घडणावळ, धुणावळ, शिवणावळ या शब्दांत तो अर्थ आजही टिकून आहे. त्याच न्यायाने खाणावळ म्हणजे प्रथम खाण्याबद्दल द्यावयाची रक्कम आणि मग लक्षणेने ती रक्कम घेऊन जेवू घालणारे घर. ही व्युत्पत्ती ध्यानी घेतली म्हणजे खाणावळ आणि उपाहारगृह यांतील भेद स्पष्ट होतो. उपाहारगृहात पदार्थाची किंमत असते, तर खाणावळीत महिन्याचा हिशेब असतो. गिऱ्हाईक महिनाभर दोन वेळा जेवते, न जेवलेल्या वेळांचे ‘खाडे’ वजा होतात आणि पगार झाल्यावर पैसे चुकते होतात. पैसे मागाहून मिळत असल्यामुळे खाणावळ चालविणारी व्यक्ती ही स्वयंपाकीण असते, तशीच ती एका अर्थाने सावकारही असते. या दुसऱ्या भूमिकेकडे इतिहासलेखकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

जुन्या समाजात परगावी राहणाऱ्याची जेवणाची सोय नात्याने किंवा धर्माने होई. विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे असत. पैसे घेऊन अन्न देणे हे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. १९ व्या शतकात सरकारी कचेऱ्या, शाळा-महाविद्यालये आणि कारखाने यांच्यामुळे शहरांत एकट्या पुरुषांची वस्ती वाढली आणि ही समजूत सैल झाली. तथापि जातीची बंधने सैल झाली नाहीत. खाणावळीच्या पाटीवरच पुष्कळदा जातीचा निर्देश असे व अस्पृश्य मानलेल्यांना तेथे प्रवेश नसे. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून हा प्रश्न किती रोजचा होता हे कळून येते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कापड गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी होऊन त्या परिसराला गिरणगाव असे नाव पडले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेला कामगार बहुधा बायकामुले गावी ठेवून येई. एकाच गावच्या किंवा भावकीच्या पुरुषांनी चाळीतील एक खोली मिळून भाड्याने घ्यावी, पाळीप्रमाणे आळीपाळीने तेथे झोपावे आणि जवळच्या एखाद्या बाईकडे जेवण लावावे, अशी ही राहणी होती. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती नोकरदारांनी धोबीतलाव भागात गावागावांचे ‘कूड’ काढले, तेही याच गरजेतून.

गिरणगावातील खाणावळ म्हणजे वेगळी जागा क्वचितच असे. दहा बाय बाराच्या खोलीत चूल किंवा स्टोव्ह, भिंतीला टेकून ठेवलेली ताटे, पाण्याचे पिंप आणि बाईचे स्वतःचे कुटुंब, असे सगळे एकत्रच नांदे. पाळी सुटली की माणसे पंगतीने येत. जागा नसली तर जिन्यावर थांबत. काहींना डबे पोचवावे लागत. कोकणातील मंडळींना भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत आमटी, रविवारी बहुधा मटण, उपवासाच्या दिवशी वेगळा बेत. गिऱ्हाइकांची संख्या दहा-वीसच्या आसपास असली, तरी पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे चुलीला विश्रांती नसे. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी उठायचे आणि शेवटच्या पाळीचा माणूस जेवून गेल्यावर भांडी घासायची, असा दिवस असे. एवढ्या श्रमांना ‘धंदा’ असे नाव मिळावयास फार काळ लागला. बाई घरच्यांसाठी रांधतेच, त्यात चार माणसे अधिक, अशी सोयीची समजूत प्रचलित होती.

या स्त्रिया या व्यवसायात का आल्या, याचे एक कारण गिरण्यांच्या इतिहासातच आहे. प्रारंभी गिरण्यांच्या काही खात्यांत स्त्री-कामगारांची संख्या लक्षणीय होती. १९३० नंतर यांत्रिकीकरण आणि पाळ्यांची फेररचना यांमुळे ती घटत गेली; १९२९ च्या मुंबई प्रसूती-लाभ कायद्यानंतर स्त्रियांना कामावर घेण्याची मालकांची अनिच्छाही वाढली. गिरणीतून बाहेर पडलेल्या किंवा तेथे प्रवेशच न मिळालेल्या स्त्रीजवळ चूल हेच उत्पादनसाधन उरले. नवरा आजारी, व्यसनी किंवा मृत असेल, तर सारे घर त्या चुलीवर चाले.

खाणावळवालीच्या व्यवहारातील खरा धोका उधारीचा होता. गिऱ्हाईक पैसे महिनाअखेर देई, परंतु धान्य, तेल, रॉकेल आधी आणावे लागे. वाण्याची उधारी, प्रसंगी सावकाराचे जबर व्याज आणि गहाण पडलेले दागिने, अशी ही साखळी असे. संपाच्या काळात तिचा ताण असह्य होई. १९७४ मधील बेचाळीस दिवसांच्या संपात पगार बंद असतानाही कामगारांना जेवू घालण्याचा भार या स्त्रियांवर पडला. संपाचा इतिहास पुढाऱ्यांच्या नावांनी लिहिला गेला. त्याच्या शिध्याचा हिशेब मात्र खाणावळीच्या वहीतच राहिला.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी ही बाजू ओळखली. त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. परंतु तारण नसलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रीला बँकेच्या दारात उभे करणे ही गोष्ट नवीनच होती. बँक ऑफ बडोदाने प्रथम १४ स्त्रियांना प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज दिले. स्त्रियांनी गट करून एकमेकींची हमी घ्यावयाची, ही पद्धत पुढे बचत गटांमुळे सर्वपरिचित झाली. मुंबईत तिचा एक आरंभ खाणावळीच्या चुलीपाशी झाला, हे विशेष. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. संप लांबला तशी उधारी थकत गेली. पुष्कळ कामगार गावी गेले ते परतलेच नाहीत. अनेक गिरण्याही पुढे बंद पडल्या. महिन्याचा पगार हाच महिनेवारी जेवणाचा पाया होता. तो खचताच हजारो खाणावळी बिनबोभाट मिटल्या. त्यांचे कुलूप लावण्याजोगे दारही वेगळे नसल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

गिरणगावातील खोली विकून दूरच्या उपनगरात मोठी जागा घेण्याचा ओघ याच सुमारास वाढला. नालासोपारा, विरार आणि वसई येथे अशी बरीच कुटुंबे स्थिरावली. वसईचा मुंबईच्या जेवणाशी संबंध तत्पूर्वीचा आहे. मुंबईकडील लोहमार्ग १८६४ मध्ये या भागातून गेला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी धावू लागली. वसईच्या वाड्यांतील भाजी, केळी व विड्याची पाने, तबेल्यांतील दूध, अर्नाळा, नायगाव आणि पाचूबंदर येथील ओली व सुकी मासळी हा माल याच मार्गाने शहरात जात असे. शंभर वर्षे शहराच्या चुलीला माल पुरविणाऱ्या या तालुक्यात, १९८० नंतर शहराची चूलच राहावयास आली. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून निराळा झाला.

येथे आलेले लोक एकटे पुरुष नव्हते, तर ती कुटुंबे होती आणि त्यांतील पुष्कळ स्त्रिया स्वतः गाडीने मुंबईस नोकरीला जात. त्यामुळे खाणावळीचे रूप पालटले. स्थानकाजवळच्या लहान गाळ्यात तयार पोळ्या नगावर आणि भाजी-आमटी वजनावर किंवा पुडीने विकणारे ‘पोळी-भाजी केंद्र’ हे त्याचे नवे रूप होय. संध्याकाळी गाडीतून उतरलेली बाई तेथून पोळ्या घेते आणि भात-वरण घरी लावते. येथे पंगत नसते, उधारीची वही नसते, खाडेही नसतात. मात्र तव्यासमोर बसलेली पोळ्या लाटणारी स्त्री तीच असते. पूर्वी ती स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या जबाबदारीवर रांधत असे. आता पुष्कळदा ती मजुरीने किंवा नगावर लाटते. जोखीम कमी झाली, पण मालकीही गेली.

जपानमधील रामेनचे छोटे दुकान या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहे. तोक्योच्या आसाकुसा भागात १९१० मध्ये निघालेल्या ‘राइराइकेन’ या दुकानात योकोहामाहून आणलेल्या चिनी स्वयंपाक्यांनी केलेल्या शेवयांचा रस्सा शहरी कष्टकऱ्यांत लोकप्रिय झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठामुळे त्याचा प्रसार वाढला. तेथेही गल्लीतले लहान दुकान, स्वयंपाक्यासमोरच जेवणे आणि ओळखीचे गिऱ्हाईक ही वैशिष्ट्ये आढळतात. परंतु तेथे वाडग्याचे पैसे तेव्हाच्या तेव्हा द्यावयाचे असतात. वसईचे पोळी-भाजी केंद्र व्यवहाराच्या दृष्टीने गिरणगावच्या खाणावळीपेक्षा रामेनच्या दुकानालाच अधिक जवळचे म्हणावे लागेल.

महिनेवारीची पद्धत मात्र अगदीच नाहीशी झालेली नाही. वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार पाच-सात जण मिळून एक खोली घेतात. काही स्वतः रांधतात, काही जवळच्या भोजनालयात जेवण लावतात. पाटीवर ‘मेस’ असे लिहिलेले असते आणि बेत डाळ, भात, रोटी यांचा असतो. हिशेब मात्र तोच, महिन्याचा. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद पडले आणि मे महिन्यात वसई रोड स्थानकातून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तेव्हा हे गिऱ्हाईक १९८२ प्रमाणेच गावाकडे निघून गेले. कारखाने उघडल्यावर त्यांतील बरेच जण परतले आणि त्याच गल्ल्यांत पुन्हा जेवण लावू लागले.