छापखाना कोणाच्या हाती रुजला?

मुद्रणयंत्र हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले ते १५५६ साली, आणि मराठी माणसाने स्वतःच्या भांडवलावर व स्वतःच्या हिकमतीने त्यातून धंदा उभा करण्यास १८३१ साल उजाडावे लागले. मधल्या पावणेतीनशे वर्षांत ते यंत्र कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते, त्याचे मोल कोणास उमगले नव्हते किंवा ते आणविण्याची ऐपत कोणापाशी नव्हती, असे मात्र मुळीच नाही. पाद्र्यांपाशी यंत्र होते, सावकारापाशी द्रव्य होते, कारभाऱ्यापाशी सत्ता होती, आणि तरीही या भूमीत ते धंदा म्हणून रुजविण्याचे श्रेय या तिघांपैकी एकासही देता येत नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने जो गजर चालू आहे त्यात लहान कारखानदार, पेढीवाला आणि दुकानदार हे सारेच 'हे घ्यावे की न घ्यावे' अशा पेचात पडलेले असताना, परक्या यंत्राचा स्वीकार आपल्या पूर्वजांनी कसा केला आणि कोणाचा स्वीकार फळास आला, हे तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

गोव्यातील आगमन तर योगायोगाचेच. पोर्तुगालहून अबिसिनियासाठी निघालेले यंत्र गोव्यातच राहिले, जेझुइटांनी ते आपल्या विद्यालयात उभारले आणि धर्मप्रसारासाठी राबविले. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन, कारण नागरी अक्षरांचे खिळे पाडण्याची सिद्धता तेथे नव्हती. यंत्र आले, मात्र ज्या लोकांत ते आले त्यांच्या नित्य व्यवहाराशी त्याचा सांधा जुळला नाही, आणि म्हणून त्यांच्या हाती ते कधी गेलेच नाही.

सुरतेचे भीमजी पारेख यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल असलेल्या या धनाढ्य गृहस्थांनी प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापून काढावेत या हेतूने कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली, आणि त्याप्रमाणे हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ साली वार्षिक ५० पौंड वेतनावर सुरतेस दाखल झाला. परंतु हिल्स हा छापणारा होता, अक्षरे कोरणारा नव्हता. आणि देशी अक्षरेच नसतील तर त्याच्या छापण्याच्या कौशल्याचा उपयोग काय? भीमजींनी आपल्याच माणसांकडून अक्षरे पाडवून घेण्याची खटपटही केली, पण ती तडीस गेली नाही. धन्यापाशी इच्छा होती व पैसाही होता, मात्र आपल्या कामात नेमके अडते कोठे याचा हिशेब यंत्र मागविण्यापूर्वी कोणी मांडला नव्हता.

पुण्यात नाना फडणिसांनीही हा उद्योग आरंभिला होता. इंग्रज वकील मॅलेट यांच्या प्रेरणेने एका तांबटास अक्षरखोदाईची विद्या शिकवून भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरविण्याचे काम सुरू झाले. १८०० साली नानांचे निधन झाल्यावर तो कारागीर मिरजेस गेला, आणि पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली गीता छापली गेली. पण पानच्या पान पत्र्यावर कोरण्याच्या या पद्धतीत एका पानासाठी घेतलेले श्रम दुसऱ्या पानाच्या उपयोगी पडत नाहीत. आश्रयदात्याच्या मर्जीवर उभे राहिलेले हे काम एका ग्रंथापाशीच थांबले, यात नवल नाही.

आता यांच्या शेजारी मुंबईतील दोन सामान्य माणसे उभी करावीत. फर्दुनजी मर्झबान हे पुस्तकबांधणीचा व्यवसाय करणारे पारशी गृहस्थ. त्यांनी १८१२ साली गुजराती छापखाना काढला, खिळे स्वतः खपून तयार केले, आणि १८१४ साली गुजराती पंचांग छापून विक्रीस आणले. 'मुंबई समाचार' हे त्यांचे पत्र निघाले ते त्यानंतर, १८२२ साली. दुसरे गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून या मराठी कारागिराने स्वतःचे यंत्र उभारले, शाई घरी बनविली, आणि १८३१ साली मराठी पंचांग शिळेवर छापून प्रसिद्ध केले. दोघांनीही आरंभी पंचांगच छापावे, यात व्यापारी शहाणपण होते. ते घरोघरी लागते, दर वर्षी नवे लागते, ते जुने झाले की दुसरे घ्यावेच लागते. आणि तोवर हाताने नकला करून ते पुरविण्याची जी रीत होती ती संथ, खर्चिक आणि अंकांच्या चुकांनी भरलेली होती. मागणी निर्माण करावी लागणार नाही असे काम निवडून या दोघांनी नवे यंत्र त्याच्याशी जोडले.

गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेस निवडला, हीही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. या पद्धतीत लेखक स्निग्ध शाईने मजकूर लिहितो व तो शिळेवर उतरविला जातो. मग शिळा पाण्याने ओली करून तिच्यावरून शाईचा रूळ फिरविला, की ओल्या भागास शाई धरत नाही, लेखनाच्या स्निग्ध रेषांस मात्र धरते, आणि कागद दाबताच अक्षर उमटते. यात खिळ्यांची गरज नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांची दाट कोष्टके हवी तशी आखता येतात. आणि वळणदार अक्षर काढणारा जुना लेखक निकामी न होता उलट कारखान्याचा आधार बनतो. ज्या उणिवेपायी भीमजींचा उद्योग फसला, तिला वळसा घालून जाणारे स्वस्त साधन या कारागिराने प्रथम उचलले, आणि धंदा स्थिरावल्यावर खिळ्यांच्या छपाईकडे तो वळला.

गिऱ्हाइकाची शंका हा या कामातला मोठाच अडथळा होता. शाईत चरबी असते या समजुतीने सोवळ्यातील मंडळी छापील कागदास शिवत नसत. अशा लोकांच्या देवघरापर्यंत पंचांग पोहोचवावयाचे म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. लोक अडाणी आहेत, काळाबरोबर शहाणे होतील, असे म्हणून हातावर हात ठेवून बसणे सोपे होते. त्यांनी लोकांच्या शंकेचा मान राखून आपला मालच बदलला.

पुढच्या पिढीत जावजी दादाजी यांनी या धंद्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. १८३९ साली जन्मलेला हा मुलगा पोरवयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तुटपुंज्या वेतनावर खिळे घासावयास लागला. आणि पुढे स्वतःचा उद्योग काढताना त्याने यंत्र घेण्याची घाई केली नाही. राणोजी रावजी आरू यांच्या साहाय्याने १८६४ साली त्यांनी प्रथम खिळ्यांचा कारखाना काढला, आणि निर्णयसागर छापखाना उघडला तो पाच वर्षांनी, १८६९ साली. नागरीची एक ओळ जुळवावयाची म्हणजे वर मात्रा-अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर आणि खाली उकार असे तीन थर एकमेकांत नेमके बसवावयाचे. खिळा केसभर कमी-अधिक झाला तरी वेलांटी अक्षरापासून सुटते. हे मर्म ज्याने बोटांनी जाणले होते त्याने नेमके तेच आपल्या ताब्यात घेतले, म्हणून इतर छापखानेही त्याच्याकडून खिळे नेऊ लागले.

शिवाय चुका शोधण्यासाठी विद्वान माणसे नेमण्याचा खर्च त्यांनी अनाठायी मानला नाही. काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेवशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या पंडितांच्या परिश्रमांमुळे निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची शुद्धता प्रमाण मानली गेली. १८८६ साली सुरू झालेल्या 'काव्यमाले'चा लौकिकही याच कसोशीचे फळ होय. हाताने केलेली चूक एका प्रतीत राहते, यंत्राची चूक हजार प्रतींत जाते, हे त्यांनी ओळखले होते.

या इतिहासातील हानीची बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही. खिळ्यांच्या छपाईने पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांची मिळकत हिरावली, आणि पुढे संगणकावरील अक्षरजुळणी आली तेव्हा गावोगावच्या छापखान्यांतील खिळे जुळविणाऱ्यांवर तीच पाळी आली. ज्यांना मालकाने नव्या पडद्यापुढे बसविले ते तरले. ज्यांना कोणी विचारले नाही त्यांचे भाषेचे व जुळणीचे ज्ञान त्यांच्याबरोबरच धंद्यातून गेले.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करणाऱ्या आजच्या लहान उद्योजकाने या सर्वांतून घ्यावयाचे ते हे. आपल्या दफ्तरातील कोणते काम पंचांगासारखे आहे, म्हणजे ठरावीक वेळी हटकून येणारे, वेळखाऊ आणि चुकीची शक्यता असलेले आहे, हे प्रथम ठरवावे. दरपत्रकांचा मसुदा, थकबाकीची स्मरणपत्रे, मालाच्या शिलकीचा अंदाज, यांपैकी एकच उचलावे, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्यास हात घालू नये. आपली माहिती परक्या कंपनीच्या यंत्राकडे जाते की काय, ही गिऱ्हाइकाची शंका तुपाच्या शाईइतक्याच गांभीर्याने घ्यावी, आणि नावे, पत्ते, भाव यांतले काय बाहेर जाऊ द्यावयाचे याचा शिरस्ता आधी घालून द्यावा. रोजकीर्द-खतावणी, मालाचे तपशील, जुन्या तक्रारींची नोंद हे आपल्या धंद्याचे खिळे होत. ते स्वच्छ करून आपल्यापाशी ठेवावेत, कारण भाड्याने घेतलेले यंत्र उद्या बदलेल, नोंदी राहतील. हे यंत्र न अडखळता लिहिते, आणि त्याच सफाईने खोटेही लिहिते. यास्तव तपासणारा जाणता माणूस नेमल्यावाचून त्याचा एकही कागद दुकानाबाहेर जाऊ देऊ नये.

आणि यातले काहीही ठरविण्यापूर्वी मालकाने, यंत्र विकावयास आलेल्या गृहस्थाआधी, आपल्या कारकुनास व कारागिरास जवळ बसवून घ्यावे. काम कोठे अडते हे त्यांनाच ठाऊक असते. आणि मुंबईच्या छापखान्यांतील सर्वांत दूरदृष्टीचा कारखानदार हा कधीकाळी दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे घासणारा पोरगा होता.