गुलबक्षीतला अब्बास

'गुलबक्षी' म्हटले की आपल्याला फुलाआधी रंग आठवतो. लुगड्याचा, खणाचा तो गडद, जांभळट गुलाबी रंग. पण या शब्दातला 'बक्षी' कोण? कुणाला बक्षीस आठवेल, कुणाला फौजेचा पगार वाटणारा बक्षी. 'क्ष'मुळे तर हे मीनाक्षी-कामाक्षीच्या पंक्तीतले नाव वाटते. यांतल्या कशाशीच त्याचे नाते नाही.

हिंदी-उर्दूत हेच फूल 'गुल-ए-अब्बास' किंवा 'गुलअब्बास' आहे. फारसीत गुल म्हणजे फूल, आणि अब्बास हे सरळ माणसाचे नाव. मराठीच्या तोंडी त्याचे गुलबास, गुलबाक्षी, गुलबक्षी झाले. मधला 'अ' गिळला गेला, 'स'च्या जागी भारदस्त 'क्ष' येऊन बसला आणि अब्बास पार दिसेनासा झाला.

हा अब्बास कुठला? बगदादची अब्बासी खिलाफत १२५८ मध्ये बुडाली. हे झाड मात्र मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधी ते आशियात असण्याचा प्रश्नच नव्हता. इराणात या फुलाला 'लाले-अब्बासी' म्हणतात, आणि तिथला शाह अब्बास पहिला १५८८ ते १६२९ गादीवर होता. काळाचा मेळ त्याच्याशीच बसतो, म्हणून माझा कौल त्याला.

लिनिअसने १७५३ मध्ये याचे शास्त्रीय नाव ठेवले: मिराबिलिस जलापा. लॅटिन मिराबिलिस म्हणजे अद्भुत. एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि पट्ट्यापट्ट्यांची फुले पाहिली की ते पटते. 'जलापा' मात्र गैरसमजातून आले. मेक्सिकोतल्या हालापा शहराच्या नावाने एक रेचक मूळ युरोपात विकले जाई. ते याच झाडाचे, असा समज होता. खरे मूळ निघाले एका वेगळ्याच वेलीचे. चूक नावात कायमची राहिली.

बाकीच्यांनी घड्याळ पाहिले. मल्याळीत हे 'नालुमणिप्पूवु', म्हणजे चार वाजताचे फूल, बंगालीत 'संध्यामालती'. जपानी लोकांनी मिऱ्यासारखे काळे बी फोडून आतली पांढरी भुकटी पाहिली आणि नाव दिले 'ओशिरोइबाना', चेहऱ्याच्या पावडरीचे फूल.

तुमच्या घरी आजी 'गुलबास' म्हणत असेल, तर तिला दुरुस्त करायला जाऊ नका. तिचाच उच्चार मुळाच्या अधिक जवळ आहे.