मेश नेटवर्क, बिनतारी : लघुसंगणकांवरील जोडणी-मर्यादा

तळहाताएवढे एकफलकी संगणक (उदा., रास्पबेरी पाय) रेडिओने परस्परांशी जोडले असता एका नोडला (जाळ्यातील एका उपकरणाला) किती शेजारी सांभाळता येतात, ती मर्यादा.

रास्पबेरी पायच्या बोर्डवर वायफाय २०१६ पासून आले. त्यात जोडलेल्या उपकरणांची नोंद लिनक्स नव्हे, तर चिपमधील फर्मवेअर ठेवते. म्हणून फर्मवेअर बदलताच तोच बोर्ड कमी-अधिक जोडण्या घेतो. ८०२.११एस (वायफायचे मेश मानक) जाळ्यासाठी सहसा वेगळा यूएसबी अडॅप्टर लावतात. त्यावर डब्ल्यूपीए-सप्लिकंट ही आज्ञावली डीफॉल्ट ९९ शेजाऱ्यांना मुभा देते. हा आकडा कागदोपत्रीच राहतो.

खरी अडचण हवेची. एकच रेडिओ असलेला नोड एका वेळी ऐकतो किंवा बोलतो, त्यामुळे दुसऱ्याच टप्प्यावर वेग निम्म्यावर येतो. बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड या मार्गनिवड प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक नोड साधारण दर सेकंदाला आपली हजेरी देतो आणि इतर नोड ती पुढे पुकारतात. सगळे एकमेकांच्या टप्प्यात असतील, तर १० नोडांत सेकंदाला सुमारे १०० पुकारे होतात, ३० नोडांत ९००. संदेश एकत्र बांधल्याने भार हलका होतो, पण वाढीचा कल तोच राहतो. गुप्ता व कुमार यांनी २००० साली सिद्ध केले, की नोड वाढतात तशी प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता घटत जाते.

हैदराबाद : गचीबावली येथील आयआयआयटी-हैदराबाद व सिलिकॉन लॅब्ज यांनी २०२२ मध्ये संस्थेच्या आवारात वाय-सन (कमी वेगाच्या बिनतारी मेशचे मानक) जाळे उभारले. भारतात वाय-सन ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालते. वेग सामान्यतः सेकंदाला ५० ते ३०० किलोबिट, वायफायपुढे नगण्यच. मात्र नोड वाहिन्या बदलत राहत असल्याने गर्दी विखुरते. मार्गांची सगळी नोंद मुळाशी, बॉर्डर राउटरवर असते; सिलिकॉन लॅब्जच्या रचनेत तो रास्पबेरी पायवरही चालतो, रेडिओ चिप तेवढी वेगळी. दोन नोडांमधला निरोपही सहसा मुळापर्यंत चढून मग उतरतो, म्हणून मुळालगतच्या नोडांवर ताण सर्वाधिक. जाळे हजारो नोड पेलते असे सांगितले जाते. ते तुरळक बोलणाऱ्या मीटरांना व पथदिव्यांना लागू आहे.



सुरक्षा : वाय-सनमध्ये नोडला डिजिटल प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही.