मताचे वय : एकवीस ते अठरा

मी राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात नोकरीला आहे. निवडणूक आली की प्रशिक्षण, मशीन आणि साहित्य ताब्यात घेणे, आदल्या रात्री शाळेच्या वर्गात मुक्काम, हे आमच्यासारख्यांना नवीन नाही. गेल्या लोकसभा निवडणुकीत माझ्या केंद्रावर दुपारच्या उन्हात एक आजी आल्या. बरोबर कॉलेजात जाणारी नात होती. आजींचे नाव यादीत सापडले, नातीचे नाही. तिच्याजवळ आधार कार्ड होते, कॉलेजचे ओळखपत्र होते, वयाची अठरा वर्षे पूर्ण होऊन दीड वर्ष झाले होते. पण नाव नोंदवायचे राहून गेले होते. आजी मला मराठीतच म्हणाल्या, "अहो, मग माझं मत हिला देऊ द्या ना. माझं आता काय राहिलंय?"

मी त्यांना समजावले की असे करता येत नाही. आजींनी मत दिले, नात दाराशी उभी राहिली आणि दोघी परत गेल्या. त्या मुलीचा चेहरा काही दिवस डोळ्यांपुढून हलला नाही. जो हक्क तिच्या हातून निसटला तो मिळायला या देशाला किती वर्षे लागली, हे तिला कोणी सांगितले असेल का, असे वाटत राहिले. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हा विषय घेतला. या गोष्टीतला बराचसा भाग आपल्या बडोद्याशी जोडलेला आहे.

इंग्रजांच्या काळात मत हा सर्वांचा हक्क नव्हता. जमीन, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यालाच मत मिळे. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतांच्या निवडणुका झाल्या तेव्हाही एवढ्या मोठ्या देशात मतदार होते सुमारे ३ कोटी. संस्थानांतल्या प्रजेला तर तेवढेही नव्हते. आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये धारासभा सुरू केली. त्याआधी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. त्या काळाच्या मानाने ही मोठी पावले होती. तरीही सर्व प्रौढांना मत ही कल्पना अजून दूरच होती.

महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये एक तरुण अमेरिकेत शिकायला गेला आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात परत आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि अपमान सोसून त्यांना बडोदे सोडावे लागले, ही आपल्या शहराच्या इतिहासातली खेदाची नोंद आहे. ती आपण विसरू नये. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, जानेवारी १९१९ मध्ये, मताधिकार कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय होते २७. प्रतिनिधी निवडण्याचा आणि अधिकारपद मिळवण्याचा हक्क नसेल तर माणूस खऱ्या अर्थाने नागरिक होत नाही, अशी त्यांची मांडणी होती. अस्पृश्य समाजासाठी मताची अट इतकी खाली आणा की त्यांना मत मिळेल, असा त्यांचा आग्रह होता. पुढे सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. आज आपल्या घरातला २७ वर्षांचा मुलगा आपल्याला अजून पोरच वाटतो. त्या वयात बाबासाहेब सरकारपुढे उभे राहून लाखोंच्या मतासाठी बोलत होते.

१९२८ च्या नेहरू अहवालाने २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत असावे अशी शिफारस केली. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे होते, आणि वयाने तरुण असलेले सुभाषचंद्र बोसही होते. तोच २१ चा आकडा पुढे राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात आला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार होते १७ कोटी ३२ लाख. त्यातले बहुसंख्य निरक्षर होते, म्हणून उमेदवारांच्या चिन्हांवर भर देण्यात आला. याद्या तयार करताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. यादीत नाव नाही म्हणून परत फिरण्याची गोष्ट अशी पहिल्या निवडणुकीपासूनची आहे.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांनी पहिले मत दिले ते मुंबई राज्याचे मतदार म्हणून.

आता १९७४ कडे येऊ. ही गोष्ट मी पुस्तकातून वाचण्याआधी घरी काकांकडून ऐकली. काका तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि बडोद्यात डिप्लोमा करत होते. २० डिसेंबर १९७३ रोजी अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी वसतिगृहातील जेवणाचा खर्च वाढला म्हणून संप केला. महागाईने सगळेच हैराण होते, त्यामुळे मेसच्या बिलावरून सुरू झालेले भांडण बघता बघता भ्रष्टाचाराविरुद्धचे आंदोलन झाले. १० जानेवारीला अहमदाबाद आणि बडोद्यात बंद झाला. २५ जानेवारीला सगळ्या गुजरातमध्ये बंद झाला आणि ४४ शहरांत संचारबंदी लागली. २८ जानेवारीला अहमदाबादेत लष्कर बोलवावे लागले. हेच नवनिर्माण आंदोलन. काका सांगायचे की संध्याकाळी गल्लीत थाळ्या वाजायच्या आणि आजी काकांना दारातून आत ओढायची.

मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी ९ फेब्रुवारीला राजीनामा दिला. ते तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या संखेडा येथून निवडून आलेले होते. मुले तेवढ्यावर थांबली नाहीत. विधानसभाच विसर्जित करा, ही त्यांची मागणी होती. आमदारांना घेराव पडले, राजीनामे मागितले गेले. मोरारजी देसाई उपोषणाला बसले आणि मार्चच्या मध्याला विधानसभा विसर्जित झाली. या सगळ्यात किमान १०० माणसे मेली, हजारांहून अधिक जखमी झाली. लूट झाली, जाळपोळ झाली. आंदोलनाची आठवण काढताना ही किंमतही सांगायला हवी. काका ती सांगताना आवाज खाली आणत.

पण त्यांची एक गोष्ट मला लहानपणी कळली नव्हती, आता कळते. १० जून १९७५ रोजी गुजरात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मुलांनी आधीची विधानसभा घालवली, त्यांतल्या कित्येकांना नवी विधानसभा निवडता आली नाही. काकांना एकवीस पूर्ण व्हायला वर्षभर बाकी होते. त्यांनी इतरांसाठी चिठ्ठ्या वाटल्या आणि स्वतः केंद्राबाहेर उभे राहिले. त्यांचे पहिले मत पडले १९७७ मध्ये, आणीबाणीनंतर. रस्त्यावर उतरून सरकार घालवण्याएवढे ते मोठे होते, पण कायद्याच्या नजरेत मत देण्याएवढे मोठे नव्हते.

इथे एक विसंगती लक्षात येते. आपल्याकडे १८७५ च्या कायद्यापासून माणूस अठराव्या वर्षी सज्ञान धरला जातो. तो करार करू शकतो, मालमत्ता विकू शकतो, सैन्यात जाऊन सीमेवर उभा राहू शकतो. मत मात्र एकविसाव्या वर्षी! जगातही हाच वाद चालू होता. ब्रिटनने १९६९ मध्ये कायदा करून वय अठरावर आणले. अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धावर अठरा वर्षांची मुले पाठवली जात होती. लढायला चालतो तर मत द्यायला का नाही, हा प्रश्न तिथल्या तरुणांनी लावून धरला आणि १९७१ मध्ये घटनादुरुस्ती झाली.

आपल्याकडे राजीव गांधी पंतप्रधान असताना डिसेंबर १९८८ मध्ये ६१ वी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली गेली. विधेयक मांडणारे मंत्री बी. शंकरानंद हे बेळगाव जिल्ह्यातील चिकोडीचे खासदार होते. आजचा तरुण शिकलेला आणि जागरूक आहे, त्याला राजकीय प्रक्रियेत वाटा मिळावा, असे कारण विधेयकात दिले होते. दोन्ही सभागृहांनी ते आठवडाभरात मंजूर केले, राज्यांनी संमती दिली आणि २८ मार्च १९८९ पासून मताचे वय अठरा झाले. त्याच वर्षाच्या निवडणुकीत देशातील मतदारांची संख्या ५० कोटींच्या जवळ पोहोचली.

गुजरातमध्ये अठरा वर्षांच्या मतदारांनी विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिले ते १९९० मध्ये. त्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले चिमणभाई पटेल. १९७४ मध्ये ज्यांना विद्यार्थ्यांनी पायउतार केले, तेच सोळा वर्षांनी मतपेटीतून परत आले. कोणी याला चूक म्हणेल, कोणी लोकांचा कौल म्हणेल. मी शासकीय नोकर, त्यावर मत देणे माझे काम नाही. मला त्यात एवढेच दिसते की घोषणा देऊन एखाद्याला घालवता येते, पण त्याच्या जागी कोण येणार हे मतमोजणीच्या दिवशीच ठरते. आणि मोजली जातात ती फक्त पडलेली मते.

मी स्वतः पहिले मत १९९८ मध्ये दिले. काका मला स्वतः केंद्रावर घेऊन गेले. बाहेर आल्यावर त्यांनी कोणाला दिले ते विचारले नाही. माझ्या बोटावरची शाई पाहिली आणि म्हणाले, "तुला तीन वर्षं आधी मिळालं रे." त्या वेळी मी हसलो होतो.

आज आपल्या घरांत काय स्थिती आहे? दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा इथले वाडे गेले, कुटुंबे नव्या सोसायट्यांत राहायला गेली. नावे मात्र जुन्या पत्त्यावर राहिली. मुले पुण्याला, बंगळूरला शिकायला किंवा नोकरीला गेली. त्यांची नावे इथेही नाहीत आणि तिथेही नाहीत. चार-पाच पिढ्या या शहरात राहिलेल्या आपल्या समाजाचे शहरात म्हणणे काय, असे आपण मंडळाच्या बैठकीत विचारतो. त्याचे एक उत्तर मतदार यादीत आहे.

नाव नोंदवणे आता सोपे आहे. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असेल तरच त्या वर्षी नाव लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी आगाऊ अर्जही करू शकते. नव्या मतदारासाठी फॉर्म ६ भरायचा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. ऑनलाइन भरता येतो, नाहीतर आपल्या भागातील बीएलओकडे द्यायचा.

आपल्या उत्सवाची सगळी धावपळ तरुण कार्यकर्तेच करतात. वर्गणीला ते प्रत्येक घरी जातात, प्रत्येक घरात कोण किती वर्षांचे आहे हे त्यांना माहीत असते. पुढच्या वर्षी पावतीपुस्तकाबरोबर त्यांनी फॉर्म ६ चे गठ्ठेही न्यावेत, अशी माझी मंडळाला विनंती आहे. कोणत्या पक्षाला मत द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात मंडळाने पडू नये. पण आपल्यातली एकही मुलगी केंद्राच्या दारातून परत जाऊ नये, एवढे आपण नक्की करू शकतो.

त्या आजी पुन्हा माझ्या केंद्रावर येतील की नाही, सांगता येत नाही. नात मात्र यावी, आणि तिचे नाव मला यादीत सापडावे, एवढेच यंदा बाप्पाजवळ मागतो.

गणपती बाप्पा मोरया!